वायर ब्रश: दाबू नका, फिरू द्या

या महिन्यात नाशिककडच्या सातपूर, अंबड, सिन्नर आणि चक्क सराफ बाजारातूनही एकाच हत्यारावर प्रश्न आले: तारेचा ब्रश. ग्राइंडर घेताना चार दुकानं पालथी घालणारा माणूस ब्रश मात्र ‘दे कुठलाही’ म्हणून उचलतो, आणि मग पत्र लिहितो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण खाली ती पुन्हा पुन्हा येणार आहे. ब्रशमध्ये काम करतं ते तारेचं टोक. तार अंगावर आडवी पडली की ती नुसती घासते, तापते आणि तुटते.

प्रश्न : आमचं सातपूरला फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. दिंडोरीकडच्या एका वायनरीसाठी ३०४ स्टेनलेसच्या टाक्या केल्या. वेल्ड ब्रशने साफ करून, चमकवून दिले. दोन महिन्यांत वेल्डच्या दोन्ही अंगांना तांबूस डाग आले. पार्टी म्हणते पत्रा खोटा आहे. आमच्याकडे पत्र्याचं सर्टिफिकेट आहे. मग डाग कशाचे?

सर्टिफिकेट खरंच असेल. डाग बहुधा पत्र्याचे नाहीत, पत्र्यात रुतलेल्या परक्या लोखंडाचे आहेत. साध्या पोलादी तारेचा ब्रश स्टेनलेसवर फिरला की तारेची बारीक चुरी पृष्ठभागात दाबली जाते. ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. टाकी धुतली, ओल राहिली, की ती चुरी गंजते आणि बदनामी पत्र्याची होते.

तुम्ही म्हणाल, ब्रश स्टेनलेसचाच होता. मग तो आधी कुठे फिरला होता ते विचारा. सकाळी एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, चौकटीवर चाललेला स्टेनलेसचा ब्रश दुपारी टाकीवर गेला, तर सकाळचं लोखंड तोच तिकडे नेतो. लोहचुंबक लावून ब्रश पारखायची सवय इथे फसवते. ३०४ ची तार ओढून बारीक करताना तिच्यात थोडं चुंबकत्व येतं, त्यामुळे अस्सल स्टेनलेसचा ब्रशही चुंबकाला लागतो. शंका असेल तर ब्रशमधल्या दोन-चार तारा मिठाच्या पाण्यात बुचकळून रात्रभर उघड्यावर ठेवा. साधं पोलाद सकाळी तांबूस झालेलं दिसतं.

दुसरं कारण वेल्डिंगचं. वेल्डशेजारी जो पिवळा-निळा रंग चढतो, त्याच्या खालच्या थरातलं क्रोमियम कमी झालेलं असतं. ब्रशने रंग जातो, तो दुबळा थर तिथेच राहतो. चमकतो म्हणून चांगला वाटतो एवढंच. म्हणून नुसत्या ब्रशवर काम संपवता येत नाही.

आता दुरुस्ती. आधी तेल-ग्रीस सॉल्व्हंटने किंवा क्षारयुक्त साबणाने काढा, नाहीतर आम्ल खालपर्यंत पोचत नाही. मग पिकलिंग पेस्ट ब्रशने जाडसर लावा. ती नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लाची असते. किती वेळ ठेवायची ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि ते तापमानावर ठरतं, उन्हाळ्यात कमी. पेस्ट वाळू देऊ नका. नंतर भरपूर पाण्याने धुवा. शेवटचं पाणी बोअरचं नको, त्यातले क्लोराइड पुन्हा त्रास देतात. धुतलेलं पाणी निष्प्रभ केल्याशिवाय गटारात सोडायचं नाही. हायड्रोफ्लुओरिक आम्ल कातडीतून आत शिरतं आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून रबरी हातमोजे, फेसशील्ड आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय डबा उघडू नका. लागलंच तर धुवून, जेल चोळत थेट दवाखाना.

काम झाल्यावर भाग स्वच्छ पाण्याने ओला करायचा, वाळू द्यायचा, असं दिवसभरात तीन-चार वेळा करा. लोखंड उरलं असेल तर डाग वर येतात. मोरचुदाच्या द्रावणाची चाचणी जलद आहे, पण अन्नपेयाचा संबंध येतो त्या आतल्या पृष्ठभागावर ती करायची नाही.

आणि टाकीच्या आतल्या बाजूला ब्रशचं फिनिश हे शेवटचं फिनिश समजू नका. अन्नपेयाच्या टाक्यांना आतला खडबडीतपणा ०.८ मायक्रॉन आरएपर्यंत (आरए म्हणजे सरासरी खडबडीतपणा) मागतात. वेल्ड घासून १८०, २४०, ३२० अशा चढत्या ग्रिटने (आकडा मोठा तितका कण बारीक) आणावा लागतो, आणि मग पिकलिंग-पॅसिव्हेशन, म्हणजे आम्लाने साफ करून क्रोमियमचा संरक्षक थर परत बसवणं. पुढच्या कामापासून स्टेनलेसचे ब्रश, फ्लॅप डिस्क, चिमटे यांना एका रंगाची टेप गुंडाळा आणि डबा वेगळा ठेवा. टेबलाचंही विसरू नका. एमएसच्या टेबलावर पत्रा ओढला तरी तेच होतं.

प्रश्न : अंबडच्या आमच्या शॉपमध्ये १०० मिमीच्या ग्राइंडरवर ७५ मिमीचा पीळदार कप ब्रश चालतो. अर्ध्या दिवसात तारा झडतात. हेल्परच्या एप्रनमध्ये तारा रुतलेल्या सापडल्या. महागातला ब्रश आणला तरी तेच.

आधी झाडून गोळा केलेल्या तारा चिमट्याने उचलून बघा. दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे असतील तर ती टोकांची रोजची झीज आहे. वीस-पंचवीस मिलिमीटरची लांब तार, एका टोकाला वाकलेली आणि मुळाशी तुटलेली असेल, तर ती थकून मेलेली आहे. बांधणीची तार आपण मागेपुढे वाकवून तोडतो, तसंच. ११,००० आरपीएमच्या ग्राइंडरवर कप किंचित तिरका धरला तर प्रत्येक तार मिनिटाला ११,००० वेळा जॉबला लागते. दर वेळी ती टोकापुरती वाकली तर दिवस काढते. तुम्ही दाबून अर्धी वाकवली तर तासात जाते.

दाब किती हवा? जॉब आडवा असेल तर ग्राइंडरचं वजन पुरे, वरून हात फक्त सांभाळायला. मोटारीचा आवाज खाली बसला की समजा दाब जास्त झाला. ब्रश कापत नाही म्हणून दाबणं हीच मूळ चूक आहे, कारण दाबलेला ब्रश आणखीच कमी कापतो. कापत नसेल तर टोकाचा वेग वाढवायला हवा, किंवा तार जाड किंवा आखूड हवी. वेगाचा हिशोब सोपा: व्यास मीटरमध्ये, गुणिले ३.१४, गुणिले आरपीएम, भागिले ६०. तुमचा ७५ मिमीचा कप ११,००० ला सेकंदाला ४३ मीटर वेगाने फिरतो. बेंच ग्राइंडरवरचा १५० मिमीचा व्हील ब्रश २,८५० ला जेमतेम २२ मीटर. तोच व्हील झिजून १२० मिमी झाला की १८ मीटर. जुना ब्रश ‘बोथट’ वाटतो त्याचं निम्मं कारण हे आहे, आणि नेमका तेव्हाच माणूस त्यावर भार टाकतो.

आता तारेची जाडी. जाड तार टिकते हा समज उलटा आहे. सारख्याच वाकण्यात जाड तारेच्या कडेला ताण जास्त येतो, म्हणून ०.५० मिमीची तार ०.३५ च्या आधी थकते. वेल्डचा स्लॅग आणि जाड गंज यांना ०.५० चा पीळदार ब्रश ठीक. रंगाचा पातळ थर किंवा हलका गंज असेल तर ०.३० ची नागमोडी तार, म्हणजे दुकानात ‘क्रिंप’ म्हणतात ती, घ्या. नागमोडी तारा एकमेकींना टेकून उभ्या राहतात, उंचसखल जागेत नीट बसतात. पीळदार गाठ मात्र एकसंध छिन्नीसारखी आपटते. तिला जॉबच्या धारदार कडेवर आडवं नेलंत तर कड तारा कापून टाकते. कडेवर ब्रश नेहमी असा धरा की तारा जॉबवरून बाहेर फिरतील, कडेवर आत चढणार नाहीत. आत चढल्या की ग्राइंडर हातात उलटा उसळतो.

बेंच ग्राइंडरचा व्हील ब्रश आठवड्यातून एकदा काढून उलटा बसवा. तारा एका बाजूला कललेल्या असतात, उलट फिरवल्या की त्यांच्या कडांना पुन्हा धार येते. फुकटची धार आहे, पण कोणी करत नाही.

आटे तपासा. १०० मिमीच्या ग्राइंडरला एम १०, मोठ्यांना एम १४. एम १० मध्येही १.५ आणि १.२५ अशा दोन पिचचे कप बाजारात मिळतात. चुकीचा कप एक-दीड आटा चढतो आणि ‘बसला’ असं वाटतं. हाताने शेवटपर्यंत सरळ फिरला नाही तर पान्याने ओढू नका.

नवा ब्रश बसवल्यावर अर्धा ते एक मिनिट मोकळा फिरवा, तोंड आणि माणसं फिरण्याच्या रेषेतून बाजूला ठेवून. सैल तारा त्यात निघून जातात. एप्रन चामड्याचा, गॉगलवर फेसशील्ड, म्हणजे दोन्ही. नुसता फेसशील्ड असेल तर तार खालून शिरते. गळ्यातला गमछा काढून ठेवा. मोठा कप बसावा म्हणून गार्ड काढला असेल तर कप छोटा घ्या, गार्ड परत लावा. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्याने गॉगल घातलेला नसतो, म्हणून मध्ये पडदा किंवा पत्रा हवा.

प्रश्न : ६ मिमी शँकचा (दांडीचा) छोटा व्हील ब्रश न्यूमॅटिक डाय ग्राइंडरवर लावला तर चालेल का? ड्रिलवर फार हळू चालतो.

नाही. असे बरेच ब्रश कमाल ४,५०० आरपीएमचे असतात, आकडा अंगावरच कोरलेला असतो. डाय ग्राइंडर २५,००० ला फिरतो. तारेला बाहेर खेचणारं बल वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे इथे सुमारे एकतीस पट. तारा तर उडतातच, त्याआधी शँक वाकतो आणि ब्रश दांडपट्ट्यासारखा फिरतो. डाय ग्राइंडरसाठी २५,००० किंवा वरचा आकडा असलेला एंड ब्रश मिळतो, तो घ्या. शँक चकमध्ये पूर्ण आत, बाहेर जितका कमी तितकं बरं.

प्रश्न : सिन्नरला शेड उभारली. अँगल-चॅनल वायर ब्रशने चकचकीत करून रेड ऑक्साइड आणि वर दोन हात रंग दिला. एका पावसाळ्यात पापुद्रे निघाले, आणि पापुद्र्याच्या मागे निळसर-काळा थर चिकटून आला. ठेकेदार म्हणतो रंग हलका होता.

तो निळसर-काळा थरच उत्तर आहे. तो मिल स्केल. गरम पोलाद लाटताना त्यावर चढलेली ऑक्साइडची कवची. ती कडक आणि ठिसूळ असते आणि ब्रशने निघत नाही. ब्रश तिला पॉलिश करतो, म्हणून चकचकीत दिसली. तुम्ही रंग लोखंडाला दिलाच नाही, कवचीला दिला. उन्हा-थंडीने कवचीला तडे गेले, ओल खाली शिरली. ओल आली की कवची आणि पोलाद यांची बॅटरीच होते, आणि गंजतं पोलाद. मग कवची रंग घेऊन उठते. रंग उत्तम असता तरी उठलाच असता.

पृष्ठभागाच्या तयारीचं आयएसओ ८५०१-१ हे मानक यात स्पष्ट आहे. हाताच्या आणि यंत्राच्या ब्रशिंगसाठी त्यात एसटी २ आणि एसटी ३ असे दर्जे आहेत. पण ज्या पोलादावर मिल स्केल अख्खा आहे, त्या ‘ए’ अवस्थेला ब्रशिंगचा दर्जा दिलेलाच नाही. तिथे ब्लास्टिंग, म्हणजे कठीण कणांचा जोराचा मारा, आणि चांगल्या रंगकामाला साधारणपणे ब्लास्टिंगचा एसए अडीच हा दर्जा मागतात. पुढच्या वेळी अँगल उभारण्याआधी यार्डातच ब्लास्ट करून एक हात प्रायमर मारून आणा. उभ्या शेडवर ब्लास्टिंगचं बिल डोळे फिरवतं.

आता उभ्या शेडचं काय? सैल झालेलं सगळं खरवडा. जिथे स्केल उरलाय तिथे फ्लॅप डिस्क किंवा नीडल स्केलर (पोलादी सुयांनी ठोकणारं हत्यार) चालवा, ब्रश शेवटी झाडायला. गुळगुळीत केलेल्या लोखंडाला रंग धरत नाही, म्हणून डिस्कचे ओरखडे राहू द्या. खराब पृष्ठभागाला चालणारा एपॉक्सी मॅस्टिक प्रायमर अशा दुरुस्तीला रेड ऑक्साइडपेक्षा बरा. ब्रश फिरवण्याआधी तेलाचे डाग सॉल्व्हंटने पुसा, नाहीतर ब्रश तेच तेल सगळीकडे माखतो.

वेळही सांभाळा. लोखंडाचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर असावं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. नाशिक-सिन्नरकडे थंडीत सकाळी अँगल हाताला ओलसर लागतात. ऊन चढून ते वाळेपर्यंत डबा उघडायचा नाही, आणि घासलेला भाग त्याच दिवशी रंगवायचा. रात्रभर उघडा राहिला तर सकाळी पुन्हा घासा.

प्रश्न : ॲल्युमिनियमच्या कास्टिंगचं मशिनिंग करतो. कडांचा बर (कापताना कडेला उरलेली धातूची पातळ दाती) हाताने फाइलने काढावा लागतो, माणूस मिळत नाही. व्हीएमसीवरच (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशिनवरच) ब्रश लावून निघेल का? स्टीलचा ब्रश चालेल का?

निघेल, पण स्टीलचा नको. लोखंडाची चुरी ॲल्युमिनियममध्ये रुतली की ओल लागताच तिथून खड्डे पडतात. तुम्हाला हवा तो नायलॉन अब्रेसिव्हचा डिस्क ब्रश. नायलॉनच्या प्रत्येक केसातच सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेले असतात. इथे फक्त टोक कापतं हा नियम सैल होतो, केसाची बाजूही कापते.

सुरुवात अशी करा. १०० मिमीचा डिस्क ब्रश, १२० ग्रिट, १ मिमीचा केस. स्पिंडल २,००० आरपीएमला, म्हणजे सेकंदाला साडेदहा मीटर. गरज पडली तर २,८०० पर्यंत जा, त्यापुढे थांबा. नायलॉन तापला की वितळून जॉबवर पांढरट लेप चढवतो, आणि तो लेप बरपेक्षा चिवट. म्हणून कूलंट चालू. ब्रश जॉबच्या पृष्ठभागाखाली साधारण २ मिमी उतरवा. फीड मिनिटाला ८०० मिमीपासून सुरू करून बघा. पहिला पास एम०३ ने, म्हणजे सरळ फिरण्याने, दुसरा एम०४ ने, म्हणजे उलट्या फिरण्याने. एकाच दिशेने चालवलं तर बर कापण्याऐवजी भोकाच्या आत दुमडतो आणि वरून स्वच्छ दिसतो. असा दुमडलेला बर असेंब्लीत सुटतो.

ब्रशला जमतो तो पातळ बर, मुळाशी ०.१ मिमीच्या आसपासचा. नखाला जाड लागतो तो ब्रशचा विषय नाही, तो बोथट एंडमिलचा किंवा झिजलेल्या इन्सर्टचा आहे. तिथे ब्रशची ग्रिट वाढवत बसू नका, टूल बदला. नायलॉन पाणी पितो आणि मऊ पडतो, त्यामुळे आठवडाभर कूलंटमध्ये राहिलेला ब्रश ढिला वाटेल. ब्रश झिजला की केस आखूड होतो आणि आखूड केस जास्त कडक कापतो, म्हणून लांबी मोजून मशिनमधला टूलच्या लांबीचा आकडा (ऑफसेट) बदलत राहा.

जाता जाता, ॲल्युमिनियमच्या टिग वेल्डिंगबद्दल. आधी ॲसिटोन, मग फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला स्टेनलेसचा हातब्रश, एकाच दिशेने, हलक्या हाताने. क्रम उलटा केलात तर ब्रश तेल ऑक्साइडमध्ये घोळवतो आणि वेल्डमध्ये छिद्रं पडतात.

प्रश्न : आमच्या प्रोसेसिंग युनिटमध्ये ब्रिकेटवर (दाबून केलेल्या भुशाच्या कांड्यांवर) चालणारा फायर ट्यूब बॉयलर आहे, म्हणजे नळ्यांतून धूर जातो तो. ट्यूबचा ब्रश मध्येच अडकतो, ओढताना दांडी वाकते.

ब्रश मध्येच मागे ओढला असणार. नळीत पुढे जाताना तारा मागे झुकलेल्या असतात. मध्येच उलट ओढलं की त्या पुढे पलटतात आणि पाचरीसारख्या बसतात. ब्रश दुसऱ्या टोकातून पूर्ण बाहेर काढायचा, मगच परत ओढायचा. दांडी त्या लांबीची नसेल तर जोडदांडी घ्या.

माप नळीच्या आतल्या व्यासाने घ्या. ६३.५ मिमीची नळी, भिंत ३.२५ असेल तर आतून ५७. ब्रश ५८-५९ चा हवा. ‘घट्ट बसावा’ म्हणून ६२ चा घेतला की तारा आडव्या पडतात आणि काजळीवरून घसरत जातात. झिजून ५७ च्या खाली आला की फेकायचा. साफसफाई बॉयलर थंड आणि बंद करून, पण पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. काजळी ओल ओढते आणि नळी खाते.

किती दिवसांनी ते चिमणीचा थर्मामीटर सांगेल. नळ्या स्वच्छ असतानाचं तापमान त्याच लोडवर लिहून ठेवा. त्याहून २२ अंश चढलं की कार्यक्षमता साधारण एक टक्क्याने उतरलेली असते. महिन्याच्या ब्रिकेटच्या बिलाला एक टक्का लावा आणि ब्रशची किंमत शेजारी मांडा. हा ब्रश काजळीसाठी. पाण्याच्या बाजूचा क्षार ब्रशने निघत नाही, त्याचं काम रसायनाचं.

प्रश्न : सराफ बाजारात चांदीच्या भांड्यांना मॅट फिनिश देतो. मोटारीवर पितळी ब्रश लावला तर चांदीवर पिवळी झाक येते.

कोरडा चालवताय. पितळ मऊ असतं, कोरडं घासलं की स्वतःच चांदीवर पुसलं जातं. जुने कारागीर रिठ्याचं पाणी टिपकत ठेवायचे ते याचसाठी. रिठ्याचा फेस तार आणि चांदी यांच्यात राहतो. मूठभर रिठे रात्री कोमट पाण्यात, सकाळी गाळून घ्या. धार बारीक पण सतत हवी. ०.१० मिमी तारेचा ७५ मिमीचा व्हील, मोटार १,००० आरपीएमच्या आसपास, हात हलका. तरी झाक आली तर जर्मन सिल्व्हरच्या तारेचा ब्रश मागा, त्याचा रंग पांढराच असतो.

भांडी बाजारातून येणाऱ्या कल्हईच्या भांड्यांना आतून कुठलाही तारेचा ब्रश लावू नका. कथिल मऊ आणि थर कागदाहून पातळ असतो, दोन फेऱ्यांत तांबं उघडं पडतं.

प्रश्न : पंचवटीत जुना वाडा आहे. काळ्या दगडाच्या जोत्यावर ऑइलपेंट आणि शेवाळ आहे. ग्राइंडरला वायर ब्रश लावून दगड मोकळा करावा म्हणतो.

कृपा करून नको. पोलादी तारेची तुटलेली टोकं दगडाच्या रंध्रांत बसतात आणि पहिल्या पावसात तांबूस ओघळ उतरतात. ते मग निघत नाहीत. छिन्नीचे घाव घालून केलेलं जुनं घडीव तोंडही घासून गुळगुळीत होतं. शेवाळाला पाणी आणि कडक नायलॉनचा हातब्रश पुरतो. रंगाला लेप लावायचा पेंट रिमूव्हर, लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी, आणि भरपूर पाणी. आधी कोपऱ्यातल्या एका दगडावर करून बघा.

खिडक्यांच्या गजांवर जुना रंग असेल तर तोही कोरडा घासू नका. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१७ मध्ये लागू झाला. त्याआधीच्या थरांत, आणि शेंदरी प्रायमरमध्ये तर नक्कीच, शिसं असू शकतं. ओलं करून खरवडा, एफएफपी २ मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा, खाली प्लॅस्टिक अंथरून कचरा त्यातच गुंडाळा.

प्रश्न : मिसळीच्या हॉटेलातल्या लोखंडी कढया आणि तवे वायर ब्रशने घासतो. काही धोका?

आहे. सुटलेली तार रश्श्यात जाते आणि पानातून घशात. तारेऐवजी खरवडणी आणि साखळीची जाळी वापरा. करपलेलं आधी पाण्यात उकळून मऊ करून घ्या.

प्रश्न : डोळ्यात तार गेल्यासारखं वाटतं, पण दिसत नाही. काय करावं?

चोळू नका, चुंबक लावू नका, दिसली तरी उपटू नका. डोळ्यावर दाब न देता कागदी कप उलटा ठेवून टेपने चिकटवा आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा. ‘ग्राइंडरवर वायर ब्रश चालू होता’ हे शब्द त्यांना सांगा. बारीक तार वेगाने आत शिरली तर जखम टाचणीच्या टोकाएवढी असते आणि नजर पहिल्या दिवशी ठीकही वाटते. एक्स-रे किंवा सीटीने धातू नाही याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही. दहा वर्षांनी गुडघ्याचा एमआरआय काढायची वेळ आली तरी फॉर्मवर हे लिहायचं.